‘पॅरानॉर्मल’ला मराठीत काय म्हणावे? तबकडी, चकवा आणि ‘बाहेरचं’

प्रश्न कोथरूडच्या एका वाचक ताईंचा आहे. पुण्यातल्या हौशी आकाशनिरीक्षकांसमोर त्या यूएफओंविषयी, म्हणजे आकाशात दिसलेल्या पण काय आहेत ते न कळलेल्या वस्तूंविषयी, मराठीतून बोलणार आहेत. या वस्तू परग्रहावरची याने नसून त्यांच्यामागे काहीतरी ‘पॅरानॉर्मल’, म्हणजे निसर्गाच्या नेहमीच्या नियमांत न बसणारे आहे, असे मानणारा एक जुना पंथ आहे आणि ताईंना त्याच्यावरच बोलायचे आहे. शब्दकोशांनी त्यांच्यापुढे ‘अतींद्रिय’, ‘अपसामान्य’, ‘अलौकिक’ असे पर्याय ठेवले. आजोबा म्हणाले, “सरळ भुताटकी म्हण की!” यातला कोणता शब्द घ्यावा, आणि ‘उडती तबकडी’ चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

आधी तबकडी. अरबी ‘तबक’ फारसीतून आपल्याकडे आले आणि ओवाळणीचे तबक, विड्यांचे तबक असे घरचेच होऊन गेले. त्याला आपला लहानपणा दाखवणारा ‘डी’ लागला, जसा चाम–चामडी, टांग–तंगडी यांत लागतो, आणि तबकडी झाली. ग्रामोफोनची काळी चकतीही तबकडीच. हिंदीने ‘उड़न तश्तरी’ केले. जुन्या घरांतले हात धुवायचे तस्त याच फारसी ‘तश्त’चे. शब्द देखणा आहे, मुलांच्या तोंडी रुळला आहे, पण त्यात एक मोठी चूक दडलेली आहे आणि ती मराठीने केलेली नाही.

२४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड हे अमेरिकी वैमानिक वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळून विमान नेत होते. त्यांना नऊ चमकत्या वस्तू वेगाने जाताना दिसल्या. त्या कशा जात होत्या हे सांगताना त्यांनी बशीची उपमा दिली. बशी पाण्यावर तिरकी भिरकावली तर टप्पे घेत जाईल, तशी त्यांची चाल होती. वर्तमानपत्रांनी ती उपमा उचलून आकाराला चिकटवली आणि ‘उडती बशी’ जन्माला आली. आपण बशीची तबकडी केली. त्यामुळे हा शब्द वापरला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गोल, चपटे, धातूचे यान उभे राहते. म्हणजे ‘ते काय होते?’ या प्रश्नाचे उत्तर प्रश्न विचारण्याआधीच दिले जाते. तुमचा विषय तर नेमका ते यान नव्हते म्हणणाऱ्यांचा. तेव्हा तबकडी गोष्टी सांगताना खुशाल वापरा, पण व्याख्यानाच्या शीर्षकात नको.

मग शीर्षकात काय? ‘अज्ञात उडती वस्तू’ हे भाषांतर सगळीकडे दिसते. मला ते पटत नाही. अज्ञात म्हटले की गूढाची छाया पडते, जणू न कळणे हा त्या वस्तूचाच गुण आहे. मराठीत याहून नेमका प्रयोग रोजच्या बातम्यांत आहे: ओळख पटणे. ‘मृताची ओळख पटलेली नाही’ या वाक्यात ती उद्या पटेल अशी वाट मोकळी असते. ‘ओळख न पटलेली उडती वस्तू’ हे लांबलचक आहे, कबूल, पण खरे आहे. अमेरिकी हवाई दलाने १९४७ ते १९६९ या काळातल्या १२,६१८ नोंदी तपासल्या. त्यांतल्या ७०१ शेवटपर्यंत तशाच राहिल्या. बाकीच्यांची ओळख ग्रह, तारे, फुगे, विमाने अशी पटली किंवा पटल्याचे मानले गेले. आपल्याकडचेच घ्या. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. महाराष्ट्रात ठिकठिकाणी लोकांनी आकाशातून जळत जाणारे दिवे पाहिले. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात एक मोठी धातूची कडी येऊन पडली, आणि हे चिनी रॉकेटचे अवशेष असावेत असे जाणकारांनी सांगितले. म्हणजे काही तास ती वस्तू ओळख न पटलेली होती. ‘अज्ञात’ ती कधीच नव्हती.

आता मुख्य शब्द. ‘अतींद्रिय’ इथे चालणार नाही. इंद्रियांच्या पलीकडचे ते अतींद्रिय, आणि यूएफओची सगळी कहाणी डोळ्यांनी पाहिल्याची आहे, काही ठिकाणी तर रडारवर दिसल्याची. विचारसंक्रमण अतींद्रिय असेल, टेकडीवरचा दिवा कसा असेल? ‘अपसामान्य’ तर दिशाभूलच करतो. आपल्या विद्यापीठांत ‘अपसामान्य मानसशास्त्र’ म्हणून जे शिकवतात ते मनोविकारांचे शास्त्र आहे. हा शब्द वापरलात तर श्रोत्यांतला मानसशास्त्राचा विद्यार्थी समजेल की दिवा पाहणाऱ्यालाच तुम्ही आजारी ठरवताय. ‘अलौकिक’ची मराठीत केव्हाच स्तुती झाली आहे, अलौकिक प्रतिभा, अलौकिक आवाज. ‘पारलौकिक’ मरणाशी बांधलेला आहे. परलोकवासी झाला म्हणजे वारला, आणि इथे मेलेल्या माणसांविषयी कोणी बोलत नाहीये. ‘अमानवी’ म्हणावे तर परग्रहावरचा प्राणीही अमानवीच. ज्या दोन मतांत फरक दाखवायचा, ती दोन्ही त्या एका शब्दात गोळा होतात.

तो फरक काय हे एकदा नीट मांडू. जाक व्हाले हे मूळचे फ्रान्सचे, खगोलशास्त्र शिकलेले आणि संगणकशास्त्रात काम केलेले गृहस्थ. १९६९ साली त्यांनी यूएफओंच्या हकिकती युरोपातल्या पऱ्यांच्या लोककथांशेजारी ठेवून दाखवल्या. रात्री दिसणारे दिवे, माणूस पळवला जाणे, परत आल्यावर वेळेचा हिशेब न लागणे, हे सगळे तिथे आधीपासून होते. नवव्या शतकात फ्रान्समधल्या लिऑंचे बिशप अगोबार्ड यांनी लिहून ठेवले आहे की, ढगांतून जहाजे येतात, मॅगोनिया नावाच्या देशातून येतात आणि वादळाने पडलेले पीक घेऊन जातात असे लोक मानतात. बिशपना स्वतःला हे मुळीच मान्य नव्हते. व्हालेंनंतर पुढच्याच वर्षी, १९७० साली, जॉन कील या अमेरिकी पत्रकाराने म्हटले की हे प्राणी दुसऱ्या ग्रहावरचे नाहीतच, ते इथलेच आहेत, आपल्याला न दिसणाऱ्या पातळीवर राहणारे. मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांचे १९५८ चे विवेचन यांच्यात मिसळू नका. त्यांचा भर मनात उमटणाऱ्या प्रतिमांवर आहे, त्याला मानसिक उपपत्ती म्हणा. आणि हो, ‘स्पष्टीकरण’पेक्षा ‘उपपत्ती’ बरा. स्पष्टीकरण कचेरीत मागवतात.

कील यांचे म्हणणे वाचले की माझ्यातला मराठी माणूस चमकतो, कारण या गोष्टीला आपल्याकडे शब्दांचा तुटवडा नव्हताच. रात्री ओळखीच्या वाटेवर माणूस तासन्‌तास त्याच बांधाभोवती फिरतो आणि पहाटे भानावर येतो: चकवा लागला. दूर डोंगरावरून दिव्यांची रांग सरकताना दिसते: वेताळाची पालखी निघाली, भुते दिवट्या घेऊन चालली. आपल्या पुण्यात तर त्याच वेताळाच्या नावाची टेकडी आहे, वर त्याचे देऊळ आहे. तिथे पहाटे चढणाऱ्याला नुकत्याच सोडलेल्या स्टारलिंक उपग्रहांची माळ दिसली तर आज तो मोबाइल काढून ‘यूएफओ’ म्हणेल. शंभर वर्षांपूर्वी तिथे उभा असलेला माणूस काय म्हणाला असता हे टेकडीच्या नावातच लिहिलेले आहे.

आणि या सगळ्याला मिळून बोलीत एक शब्द आहे: बाहेरचं. ‘त्याला बाहेरचं लागलंय’, ‘बाहेरची बाधा आहे’. कुठल्या बाहेरचे, हे कोणी विचारत नाही. घराच्या, गावाच्या, माणसांच्या रीतीच्या बाहेरचे. ‘पॅरानॉर्मल’चा इतका अचूक मराठी प्रतिशब्द मला दुसरा सापडलेला नाही. अडचण एकच, अंतराळातून आलेलेही बाहेरचेच. बोलताना आवाजाने फरक कळतो, लिहिताना कळत नाही.

प्राण्यांविषयी बोलायचे असेल तर आणखी जुना शब्द आहे, योनी. अमरकोशात विद्याधर, अप्सरा, यक्ष, राक्षस, गंधर्व, किन्नर, पिशाच, गुह्यक, सिद्ध आणि भूत अशा दहांना एकत्र ‘देवयोनी’ म्हटले आहे. ज्यांना कील ‘अल्ट्राटेरेस्ट्रियल’ म्हणतात, त्यांना ‘दुसऱ्या योनीतले’ म्हटले की मराठी श्रोत्याला पुढे समजावून सांगावे लागत नाही.

आजोबांचा ‘भुताटकी’ अर्थाने जवळचा आहे. पण त्यात हल्ली ‘खोटे आहे’ हा निकाल मिसळलेला असतो. मी स्वतः या उपपत्तीला मानत नाही, तरी जिच्यावर तासभर बोलायचे तिला नाव देतानाच हसणे मला योग्य वाटत नाही. म्हणून ताई, शीर्षक असे करा: ‘ओळख न पटलेल्या उडत्या वस्तू आणि निसर्गातीत उपपत्ती’. ‘निसर्गातीत’ कोरडा शब्द आहे, पण त्यात स्तुती नाही, आजार नाही, मरण नाही. समोरच्या ‘परग्रहीय उपपत्ती’हून तो स्वच्छ वेगळा राहतो. बोलायला उभ्या राहिलात की पहिल्या दोन मिनिटांत ‘म्हणजे आपण बाहेरचं म्हणतो ते’ एवढे जोडा.

आणि आजोबांकडून माझ्यासाठी एक विचारून घ्या. त्यांच्या गावी वेताळाच्या पालखीची कोणती रात्र सांगत, आणि त्या चालत्या दिव्यांना काही वेगळे नाव होते का?