कौलावरचा शिक्का आणि वखारीची भिंत

प्रश्न : राजापूरच्या बाजारपेठेतलं आमचं माडीचं घर गेल्या पावसात कोसळलं. आजोबा सांगायचे, मागची भिंत इंग्रजांच्या वखारीची. ढिगाऱ्यातून चार कौलं उचलून ठेवली आहेत. पाठीवर ‘बासेल मिशन’ असा इंग्रजी शिक्का आहे. यावरून घर किती जुनं ठरेल?
– एक वाचक, राजापूर

उत्तर : कौलं ठेवलीत, शाबास! लोक कोरीव चौकट तेवढी ठेवतात आणि कौलं रस्त्याच्या भरावात घालतात.

बासेल मिशन ही ख्रिस्ती मिशनऱ्यांची संस्था. तिचा मंगळूरचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये निघाला. म्हणजे हे छप्पर त्यानंतरचं. राजापूरची वखार तर शिवाजी महाराजांनी १६६१ मध्येच खणून काढली होती. मधे दोनशे वर्षं गेली. पण म्हणून आजोबांना लगेच खोटं पाडू नका. छपराचं आणि भिंतीचं वय एकच असतं असं नाही. आपल्याकडे जुनी अर्धगोल नळ्याची कौलं उतरवून मंगलोरी चढवलेली घरं कितीतरी. वासे अजून पडून असतील तर नीट बघा. मंगलोरी कौलांच्या रिपा, म्हणजे वाशांवरच्या आडव्या पट्ट्या, साधारण फूटभर अंतरावर असतात. त्यांच्या अधेमधे जुन्या खिळ्यांची भोकं दिसली, तर छप्पर बदललेलं आहे.

भिंतीचं अवघड. जांभा वय सांगत नाही. काल काढलेला चिरासुद्धा चार पावसाळ्यांत काळा पडतो. दोन चिऱ्यांमध्ये चुना आहे की माती, मागच्या भिंतीची जाडी बाकीच्यांहून वेगळी आहे का, कोपऱ्यात चिरे एकमेकांत गुंफलेत की नुसते टेकवलेत, ते पाहा. टेकवलेले असतील तर ती भिंत आणि घर एका वेळचं नाही. त्यापुढे ‘वखारीची’ म्हणायला कागद हवा. भूमापन खात्यात असताना मला राजापुरात वखारीची भिंत दाखवणारी पाच घरं भेटली. वखार एवढी ऐसपैस असती तर महाराजांना तिथेच मुक्काम ठोकावा लागला असता!

कागदासाठी सिटी सर्व्हेत जा. प्रॉपर्टी कार्डावर थांबू नका, चौकशी नोंदवहीचा उतारा मागा. घर कुणाकडून आलं ते त्यात सापडतं. नगरपरिषदेत घरपट्टीची जुनी आकारणी बघा. घरात मोडी कागद असतील तर जाणकाराला दाखवा, पण मूळ कागद हातचा सोडू नका.

आणि हे सगळं नंतर. आधी जोतं मोजा. जेसीबी आला की संपलं. टेप घेऊन जाल तेव्हा आत्या असेल तर तिला सोबत न्या. पडवी कुठे संपायची, न्हाणी कुठे होती, ते ती नुसत्या जोत्यावर उभी राहून सांगेल. माझ्या आजोळच्या घराची मापं मी घेतली तेव्हा मामी हयात नव्हती. त्या नकाशात माजघरामागची एक खोली अजून कोरीच आहे.