गिअरबॉक्सचं तेल घरी बदलू का?

प्रश्न: माझ्याकडे ऑटोमॅटिक पिकअप आहे, 6 वर्षं झाली, 92 हजार किलोमीटर झालेत. राहायला धायरीला आणि पानशेतकडे छोटी रोपवाटिका, त्यामुळे मागे कुंड्या, माती, खत भरून आठवड्याला तीन-चार फेऱ्या होतातच. गिअरबॉक्सचं तेल एकदाही बदललेलं नाही. एका गॅरेजवाल्याने सांगितलं लाइफटाइम असतं, हात लावू नका, दुसरा म्हणतो मशीन लावून पूर्ण फ्लश करा. इंजिन ऑइल मी स्वतः बदलतो. हे घरी जमेल का?
– एक वाचक, धायरी

उत्तर: जमेल दादा, आणि करायलाच हवं, 92 हजार म्हणजे उशीरच झालाय.

आधी त्या लाइफटाइमचं बोलू. टॉर्क कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद तेलामधून गिअरबॉक्सला पोचवणारा भाग, आणि त्याचं लॉक लागलेलं नसतं तेव्हा एक बाजू जोरात फिरते, दुसरी मागे रेंगाळते आणि मधलं तेल नुसतं घुसळून तापतं. सकाळी सिंहगड रोडला गाडी मुंगीच्या पावलाने चाललेली असते तेव्हा नेमकं हेच होतं, वर मागे ओल्या मातीचं वजन आणि पुढे चढ. अशा वापरात लाइफटाइम वगैरे काही नसतं, उष्णतेने तेल मरतंच. माझं मत विचाराल तर लोड ओढणाऱ्या गाडीला 60 हजाराला पहिल्यांदा बदलावं. मशीनचा फ्लश मात्र इतकी वर्षं न बदललेल्या गिअरबॉक्सला मी लावणार नाही, साधं काढा आणि भरा हेच बरं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. भरायचा बोल्ट आधी सैल करा, मगच खालच्या ड्रेनला, म्हणजे तेल काढायच्या बोल्टला, पाना लावा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा उलटं केलं, तेल सगळं ट्रेमधे आणि वरचा बोल्ट हलायचं नाव घेईना, गाडी दोन दिवस पार्किंगमधे तशीच उभी, चालू करायची सोय नाही आणि शेजाऱ्यांची गाडी मागे अडकलेली. रात्रभर गंज सोडवायचा स्प्रे मारून ठेवला, लांब दांड्याचा पाना आणला तेव्हा कुठे तो सुटला. तुमच्यावर ही वेळ येऊ नये.

तेल कुठलं, तर मॅन्युअलमधे जे लिहिलंय तेच, एक अक्षर इकडे-तिकडे नको. आपल्याकडे ऑटोमॅटिक पिकअप म्हणजे बहुतेक इसुझूची व्ही-क्रॉस नाहीतर टोयोटाची हायलक्स, दोन्हीत सहा गिअर. दुकानात "सगळ्या ऑटोमॅटिकला चालतं" म्हणून डबा पुढे करतील पण टोयोटाचं टी-फोर आणि डब्ल्यूएस ही एकाच कंपनीची दोन तेलंसुद्धा एकमेकांच्या जागी चालत नाहीत, कारण आतल्या क्लच प्लेटा किती घट्ट आणि किती अलगद धरायच्या हे तेलच ठरवतं. नाना पेठेत घ्या किंवा शोरूममधून, डब्याचं सील बघून घ्या, आणि उघडायच्या सगळ्या बोल्टचे नवे वॉशर सोबतच घ्या.

जागा सपाट पाहिजे, उतारावरच्या पार्किंगमधे हे काम करूच नका. पिकअप उंच असते, 200 मिलिमीटरपेक्षा जास्त जागा खाली मिळते, त्यामुळे बारीक माणूस जॅक न लावताही आत जातो. उचलायचीच असेल तर चारही चाकांजवळ चेसिसखाली स्टँड लावून सगळीकडून सारखी उचला, नुसतं पुढून चढवली तर लेव्हल चुकते. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीच जायचं नाही. हँडब्रेक, चाकांना ठोकळे, आणि बेसमेंट बंद असेल तर गाडी बाहेर काढा कारण पुढे इंजिन चालू ठेवायचंय.

निघालेलं तेल मापाच्या भांड्यात मोजा, हे चुकवू नका. एकूण तेलाचा तिसरा हिस्सा ते निम्मं एवढंच बाहेर येतं, उरलेलं टॉर्क कन्व्हर्टरमधे अडकून राहतं, त्यामुळे कमी आलं म्हणून घाबरू नका. एका वेळी 40 टक्के बदललं असं धरा तर दुसऱ्या वेळी नवं तेल 64 टक्के होतं, तिसऱ्या वेळी 78. तुम्ही दोन-तीनदा करा, मधे आठवडाभर गाडी चालवून. ट्रेमधलं तेल टाकायच्या आधी एक चुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून त्यात फिरवा आणि पिशवी उजेडात धरा. काजळासारखा मऊ करडा थर बसला आणि बोटाने चोळल्यावर काहीच टोचलं नाही तर ती नेहमीची झीज. चकचकीत कीस किंवा तुकडे लागले तर तिथेच थांबा, चांगल्या ऑटोमॅटिकच्या मिस्त्रीला दाखवा.

ड्रेन बंद करून, जेवढं निघालं तेवढं हातपंपाने भरा, वर थोडं जास्त. मग इंजिन चालू, पाय ब्रेकवर, पी पासून डी पर्यंत प्रत्येक ठिकाणी चार-पाच सेकंद थांबत लिव्हर फिरवा आणि परत पी. डिपस्टिक या गाड्यांना सहसा नसते, लेव्हल ओव्हरफ्लोच्या, म्हणजे जादा तेल बाहेर पडायच्या भोकाच्या, बोल्टवर बघतात आणि तीसुद्धा ठराविक तापमानाला, बऱ्याच गाड्यांत 35 ते 45 अंशांच्या आसपास, तुमचा नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्या. तापमान स्कॅनरवर, म्हणजे गाडीला जोडून आतले आकडे दाखवणाऱ्या यंत्रावर, बघा. आपल्याकडे एप्रिल-मेमधे दुपारी हवाच 38-40 वर जाते, तेव्हा इंजिन चालू करून गिअर फिरवेपर्यंत तेल पुढे निघून जातं, म्हणून पहाटे करा. तापमानाला आलं की इंजिन चालूच ठेवून ओव्हरफ्लो उघडा. आधी धार येते, मग बारीक होते, तुटते आणि थेंब-थेंब पडायला लागतं, त्याच क्षणी बोल्ट बंद. काहीच आलं नाही तर तेल कमी आहे, अजून भरा. बोल्ट टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोर लागला ते दाखवणाऱ्या पान्याने, आवळा, केसिंग अॅल्युमिनियमची आहे, आटे गेले की महागात पडतं. सायलेन्सरचा पाइप तोवर भाजण्याइतका तापलेला असतो, हातमोजे घाला.

जुनं तेल गटारात नको, ते शेवटी मुठेतच जातं. 2016 च्या नियमांत वापरलेलं तेल घातक कचऱ्यात धरलंय. कॅनमधे भरा आणि रिसायकलवाल्यांना तेल देणाऱ्या मोठ्या गॅरेजला नेऊन द्या.

प्रश्न: डी वरून आर ला टाकताना धक्का बसतो आणि कात्रजच्या चढाला इंजिन ओरडतं पण गाडी ओढत नाही. तेल बदललं की जाईल का?
– एक वाचक, कात्रज

उत्तर: आधी लेव्हल तपासा, वर सांगितलंय तशी. कमी असेल तर कुठून गळतंय ते शोधा, बरेचदा गिअरबॉक्सचं तेल थंड करणाऱ्या कूलरच्या पाइपचा जोड ओला दिसतो, आणि लेव्हल बरोबर केल्यावर त्रास गेला तर सुटलात. पण लेव्हल ठीक आहे, तेल काळपट आहे आणि जळका वास येतोय तर क्लच प्लेटा झिजल्यात, नवं तेल झिजलेलं परत आणत नाही. तेलावर पैसे घालू नका, माल भरणं आजपासून बंद करा आणि गिअरबॉक्स उघडणाऱ्या माणसाकडे गाडी टो करून न्या, चालवत नको.