गुहागरला दोन दिवसांसाठी जायचे आहे; कुठे उतरावे आणि काय पाहावे?

आपल्या प्रश्नाच्या शेवटी एक वाक्य आहे: गुहागरजवळच्या हेदवी गावची बामणघळ म्हणजे नुसती खडकातली भेग असून तिथे जाण्यात अर्धा दिवस फुकट जातो, असे एका परिचितांनी आपल्याला सांगितले. गुहागरात खालचा पाट नावाच्या वस्तीतल्या आमच्या घरी पाहुणे उतरतात आणि हेच वाक्य मी आमच्याच पडवीत ऐकलेले आहे, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

बामणघळ ही उमामहेश्वराच्या देवळाजवळ काळ्या कातळाला पडलेली अरुंद चीर आहे. भरतीची लाट तिच्यात घुसते, पुढे वाट नसल्यामुळे कोंडते आणि उंच उसळते. ओहोटीला तिथे कालवे चिकटलेला खडक आणि तळाशी थोडासा फेस एवढेच दिसते. आपले परिचित ओहोटीला गेले होते, याविषयी माझ्या मनात शंका नाही. पौर्णिमा-अमावास्येला आमच्याकडे भरती अकरा-बाराच्या सुमारास येते आणि रोज पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. साहजिकच त्या दिवशी संध्याकाळी पाच-सहाला समुद्र पार खाली गेलेला असतो.

पूर्वी खोल्यांचे सगळे माझे थोरले चुलतभाऊ पाहत आणि प्रत्येक पाहुण्याच्या हातात एक छापील यादी ठेवत: सकाळी व्याडेश्वर आणि दुर्गादेवी यांची देवळे, मग अंजनवेलचा गोपाळगड व दीपगृह, जेवणानंतर वेळणेश्वर, सूर्यास्ताला हेदवी. एका पौर्णिमेला पुण्याचे एक निवृत्त शिक्षक नातीला घेऊन आले, यादीबरहुकूम फिरले आणि रात्री पानावर बसताना म्हणाले, “तुमच्याकडे भेगसुद्धा दाखवायला ठेवतात.” मी दादांना म्हटले, यादीत भरतीची वेळ लिहायला हवी. त्यावर ते म्हणाले, “गिऱ्हाइकाला जागा सांगायची असते, वेळा सांगत बसलास तर उद्यापासून कोणी येणार नाही.” दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना परतीची गाडी दुपारनंतर काढायला लावली आणि बाराच्या सुमारास स्वतः हेदवीला घेऊन गेलो. पहिली मोठी लाट आत शिरली तेव्हा आधी पायांखालचा कातळ घुमला आणि मग पाणी वर आले. गुरुजींनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाला पुसला, तो काचांवर मीठ पसरून आणखी धूसर झाला, आणि नात पुढच्या लाटेसाठी ओरडत राहिली. त्यानंतरही दादांनी यादी बदलली नाही. त्यांचे म्हणणे मला तेव्हाही पटले नव्हते आणि आजही पटत नाही.

आता राहण्याचे. गुहागरात हॉटेल शोधू नका. वरच्या किंवा खालच्या पाटात, ज्याची नारळी-पोफळीची वाडी मागे थेट पुळणीला, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूला लागते असे घर शोधा. जेवण तिथेच घ्या, पण आधी कळवून, कारण नारळ खवण्यापासून सगळे घरातल्या बायकाच करतात. उकडीचे मोदक हवे असल्यास आदल्या दिवशी सांगावे. रात्री नऊला येऊन “काय आहे?” असे विचारणे मला असभ्य वाटते. चिपळूण स्थानकापासून गुहागर सुमारे 45 किलोमीटर आहे आणि एसटी मिळते. दापोलीकडून येत असाल तर 2003 पासून चालू असलेली दाभोळ-धोपावे फेरीबोट गाडीसकट पलीकडे आणते, त्यामुळे चिपळूणचा वळसा वाचतो.

पाहण्याच्या बाबतीत, एक दिवस गुहागरलाच द्या: सकाळी व्याडेश्वर, संध्याकाळी पुळणीवरून लांबवर चालणे. दुसऱ्या दिवशी भरतीची वेळ साधून हेदवी, तिथल्या टेकडीवरचा दशभुजा गणेश आणि वाटेतले वेळणेश्वर. अंजनवेल राहिले तर राहू द्या.

एक सांगायचे राहिले. उधाणात घळीच्या काठावर जाऊ नये. शेवाळलेल्या कातळावर पाय ठरत नाही आणि लाट मागे जाताना माणसाला ओढते. पावसाळ्यात तर दुरूनच पाहावे आणि समुद्रात उतरूच नये. भांगाच्या दिवसांत, म्हणजे अष्टमी-नवमीच्या आसपास, भरतीलाही पाणी फारसे उसळत नाही, तेव्हा तारखा ठरवताना आधी तिथी पाहा. खोलीसाठी फोन कराल तेव्हा भाड्याच्या आधी त्या दिवशीची भरती किती वाजता आहे ते विचारा; घरमालकाला सांगता आले नाही, तर दुसरे घर पाहा.