गरिबी खरीखुरी दाखवणारा, पण रडगाणं न गाणारा जुना हिंदी चित्रपट कोणता?

बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ (1953), डोळे झाकून सांगतो. गोष्ट साधी आहे. जमीनदाराला कारखान्यासाठी शंभू महातोची दोन बिघे जमीन हवी असते. शंभू जमीन देत नाही, तेव्हा जमीनदार जुनं कर्ज फेडायला सांगतो. शंभूच्या हिशेबाने ते 65 रुपये, जमीनदाराच्या वहीत मात्र 235. कोर्ट ते फेडायला तीन महिन्यांची मुदत देतं आणि शंभू पैसे कमवायला कलकत्त्याला जातो, पोरगाही मागे लागून येतो. बाप हातरिक्षा ओढतो, पोरगा बूटपॉलिश करतो.

यातला एक प्रसंग नीट बघा. रिक्षातलं गिऱ्हाईक पुढच्या रिक्षाला गाठायला सांगतं आणि वेग वाढला की पैसे वाढवत जातं. शंभू जीव तोडून धावतो आणि शेवटी चाक निखळतं. मागे बसलेल्याला ही सगळी गंमत वाटते. तो काही दुष्ट नाही, म्हणूनच ते जास्त लागतं. बलराज साहनींनी भूमिकेसाठी खरोखर रिक्षा ओढायचा सराव केला होता, आणि ते त्यांच्या चालण्यात दिसतं.

तक्रार एकच. शहरात आल्यावर संकटांची रांगच लागते, तिथे पटकथा जरा ताणलेली वाटते. गाणीही आहेत, पण सलील चौधरींची, त्यामुळे माफ!

मराठीतच हवा असेल तर ‘फँड्री’ (2013). तिथे गरिबीला जातही चिकटलेली आहे, आणि डुकरामागे धावणारं कुटुंब राष्ट्रगीत कानावर पडताच जागच्या जागी थबकतं, तो प्रसंग चुकवू नका.