विमानाचा रेडिओ ऐकतो, पण बोलत नाही

प्रश्न : सर, मी एव्हिऑनिक्स, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक उपकरणं, शिकते. प्रॅक्टिकलला आमच्याकडे दोन सीटचं एक विमान आहे. त्यात टॉवरचं बोलणं स्वच्छ ऐकू येतं, पण विमान जरा लांब गेलं की आमचा आवाज टॉवरला विरळ, तुटक पोचतो. रेडिओ बदलून झाला, फरक नाही. रेडिओच्या जागी हातातला टेस्टर लावला तर एसडब्ल्यूआर (अँटेनाकडे पाठवलेली शक्ती किती परत फिरते याचं माप; एक म्हणजे काहीच परत नाही) दीडच्या आत. मग दोष कुठे?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर : रेडिओ बदलला! हँगरमध्ये पहिला संशय नेहमी सगळ्यात महाग डब्यावर. आधी दुसरा हेडसेट लावून, पलीकडच्या सीटचं पीटीटी (बोलताना दाबायचं बटण) दाबून बघितलंस ना? नसेल तर ते पाच मिनिटांत उरक.

ऐकू येतंय म्हणून अँटेना-केबल ठीक, असं समजू नकोस. रिसीव्हरमधला ऑटोमॅटिक गेन कंट्रोल कमजोर सिग्नल आपणहून वर उचलतो, त्यामुळे केबलमधली गळती कानाला कळत नाही. ट्रान्समीटरला ती सोय नाही. लहान विमानाचा रेडिओ पाच-दहा वॅट देतो. वाटेत मुरले ते मुरले.

आता तुझा दीड. माझा संशय त्याच आकड्यावर आहे. केबल खराब असली की अँटेनाकडे जाताना थोडी शक्ती ती खाते आणि परतीची लाटही खाते. टेस्टरपर्यंत परत काही येतच नाही, म्हणून तो खूश. तेव्हा अँटेनाकडचा कनेक्टर सोड, टोक उघडं ठेव आणि रेडिओच्या टोकाला पुन्हा मोज. केबल चांगली असेल तर एसडब्ल्यूआर खूप वर गेला पाहिजे. तीनच दाखवला तर अर्धी शक्ती केबलमध्येच जाते आहे. मग त्याच टोकाला 50 ओहमचा डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, शक्ती जिरवणारा रोध) लावून बघ. एकच्या जवळ यायला हवा. केबल यातून पास झाली, तरच अँटेनाच्या बुडाशी थेट मोजायचं, 118, 127 आणि 136 मेगाहर्ट्झला. हे सगळं टेस्टरवरच. अँटेना सुटलेली असताना रेडिओचं पीटीटी दाबलंस तर ट्रान्समीटर जाईल.

आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर मी तरी सगळ्यात आधी पोटाखालच्या अँटेनाचं गॅस्केट (बुडाशी पाणी अडवणारी पट्टी) उघडतो. खाऱ्या, दमट हवेत कनेक्टरला हिरवा कळंक धरतो आणि पाणी केबलच्या आतल्या तारांच्या जाळीतून केबलभर चढतं. नुसतं टोक कापून नवा कनेक्टर लावणं म्हणजे पुढच्या पावसाची सोय, केबलच बदल. अँटेनाखालचा पत्राही घासून उघडा कर, रंगावर बसवलेल्या अँटेनाला ग्राउंड मिळत नाही.

अँटेनाचं मोजमाप विमान बाहेर मोकळ्यावर काढून कर, पत्र्याच्या छपराखाली आकडे भरकटतात. आणि शेवटी रेडिओ चेक घ्यायचा तो टॉवरला विचारून, 121.5 या आणीबाणीच्या फ्रिक्वेन्सीवर नाही.