वाळू ओली होती

प्रिय बाळ,

तुझं पत्र मिळालं. वहीच्या पानावर तू इंजिनिअरिंगच्या शाखांची नावं गेल्या वर्षीच्या कट-ऑफप्रमाणे उतरवून पाठवलीस. कॉम्प्युटर सगळ्यात वर, सिव्हिल तळाला, आणि खाली प्रश्न: 'काका, यातली चांगली कुठली?'

आधी ते पान बाजूला ठेव. शेवटचा प्रवेश किती पर्सेंटाइलवर मिळाला, एवढंच कट-ऑफ सांगतो. म्हणजे यंदा गर्दी कुठं आहे ते कळतं, काम कसं आहे ते नाही. मी शिकत होतो तेव्हा हीच यादी मेकॅनिकलपासून सुरू व्हायची.

माझ्या पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगतो. जुलै महिना, पाऊस थांबायचं नाव नाही. आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायच्या कारखान्यात, पंपाच्या बॉडीची कास्टिंग्ज निघत होती. बाहेरून अगदी स्वच्छ. पण मशीन शॉपमध्ये पहिला कट घेतला की आत हरभऱ्याएवढी भोकं. ब्लो होल. सगळा माल रिजेक्ट होऊन परत यायला लागला. लोखंडाचं पृथक्करण तपासलं, ओतायचं तापमान तपासलं, काही सापडेना. तिसऱ्या दिवशी एका जुन्या मोल्डरनं, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या कारागिरानं, मूठभर वाळू घेतली, दाबली आणि तो गोळा माझ्या तळहातावर ठेवला. म्हणाला, "सायेब, वाळू ओली हाय." शेडच्या फुटक्या पत्र्यातून रात्रभर पाणी ढिगात झिरपत होतं. सुमारे 1,400 अंश सेल्सिअसचा लोखंडाचा रस ओल्या साच्यात पडला की पाण्याची वाफ होते, ती पाण्याच्या सोळाशे पटींहून जास्त जागा मागते, आणि वाळूतून वाट मिळाली नाही की धातूत घुसते.

त्या तीन दिवसांत मला जेवण सुचत नव्हतं, पण कंटाळा एकदाही आला नाही. तेव्हा कळलं की शाखा बरोबर निवडली. म्हणून तुला विचारतो: कुठल्या कामातली चूक शोधताना तू तहानभूक विसरशील?

प्रोग्राम हजार वेळा नीट चालतो आणि एकदाच चुकतो. ती एक वेळ शोधायला रात्रभर बसणं तुला आवडणार असेल तर कॉम्प्युटर घे, मनापासून घे. फक्त नावांना भुलू नकोस. कॉम्प्युटर, आयटी, एआय अँड डेटा सायन्स यांचे अभ्यासक्रम शेजारी ठेवून बघ, पाया बराचसा एकच दिसेल. माझं मत विचारशील तर पदवीला रुंद नावाची शाखा घ्यावी, खास विषय नंतर घेता येतो.

सिव्हिलला तू तळाला टाकलंस, याचं मला खरंच वाईट वाटलं. कोल्हापूरच्या मुलीनं तरी असं करू नये. शाहू महाराजांनी राधानगरीचं धरण उभारायला घेतलं, त्याचे सात स्वयंचलित दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात. 'कोल्हापूर पद्धतीचा बंधारा' हे नाव राज्यभर चालतं: पावसाळा संपला की बरगे, म्हणजे काढता-घालता येणाऱ्या फळ्या, घालून पाणी अडवायचं, पावसाळ्याआधी ते काढून नदीला वाट द्यायची. आणि 2019 चा पूर तू स्वतः पाहिलास. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांना आलं की इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे तुला पाठ आहेत. पंचगंगेचं पाणी एवढं का तुंबतं, कुठला भराव, कुठला पूल त्याला अडवतो, हा प्रश्न तुला छळत असेल तर तो सिव्हिलचा प्रश्न आहे.

इलेक्ट्रिकल बघायचं असेल तर गळीत हंगामात साखर कारखान्यात जा. बगॅस, म्हणजे उसाचा चोथा, जाळून वाफ, वाफेवर टर्बाइन, त्यावर वीज, आणि उरलेली वीज ग्रिडला. इचलकरंजीच्या मागांचा आवाज आवडत असेल तर टेक्स्टाइल आहे, आणि त्यासाठी लांबही जायला नको.

आता कॅपच्या, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, फॉर्मचं. पर्याय भरताना क्रम तुझ्या इच्छेचा असू दे, मिळण्याच्या शक्यतेचा नको. वरचा पर्याय मिळाला नाही तर खालचा हातचा जात नाही. पण पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला की तो पक्का होतो, पुढच्या फेऱ्या बंद. म्हणून एक नंबरला नको असलेलं काही लिहू नकोस. एनबीएचं, म्हणजे अभ्यासक्रमांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय मंडळाचं, मानांकन कॉलेजला नसतं, शाखेला असतं, तेव्हा तुझ्या शाखेचं विचार. गोकुळ शिरगाव, कसबा बावडा, सांगली, जिथं जाशील तिथं तिसऱ्या वर्षाच्या मुलींना गाठ आणि विचार की गेल्या महिन्यात स्वतःच्या हातानं कुठला प्रयोग केला. उत्तर द्यायला वेळ लागला तर समजून जा.

फीची काळजी तू लिहिली नाहीस, पण बाबांच्या आवाजात मला ऐकू आली. ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींना घरचं उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर कॅपमधून घेतलेल्या प्रवेशाची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024 पासून शासन भरतं. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही. उत्पन्नाचा दाखला आत्ताच काढा, जूनमध्ये सेतू केंद्रात रांग लागते.

आणि शनिवारी शिरोलीला फाउंड्रीत ये. बाबांना सांग, मी गेटवर थांबतो. बूट घालून ये, चपलेवर आत सोडत नाहीत, आणि ओढणी नको. तीन वाजता भट्टी ओततात.

तुझा,
काका