नोकरी सांभाळून एकट्याने सॉफ्टवेअर प्रकल्प करताना उत्साह कसा टिकवायचा?

तुम्ही लिहिलंय की वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेवणारं ॲप तुम्ही नोकरीनंतर रात्री एकट्याने बनवताय. पहिले तीन आठवडे जोरात काम झालं, निम्म्याहून जास्त ॲप उभं राहिलं, मग शोधाच्या पानापाशी अडलात. आता दीड महिना झाला तरी ते फोल्डर उघडवत नाही. आधीचे तीन प्रकल्पही असेच पडून आहेत. आणि शेवटी विचारलंय, "माझ्यात चिकाटीच नाही का?"

आधी त्या शेवटच्या प्रश्नाबद्दल बोलते. दिवसभर नोकरी करून तीन आठवडे रोज रात्री कोड लिहिणाऱ्या माणसात चिकाटी नाही, हे मला पटत नाही. मी स्वतः बरीच वर्षं अशीच एकटीने कामं करत आले आहे. काही पूर्ण झाली, काही सुटली. सुटलेल्या कामांकडे मागे वळून पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. उत्साह आटल्यामुळे काम थांबलं, असं क्वचितच झालं होतं. आधी धागा सुटला होता, उत्साह त्याच्या मागून गेला.

धागा म्हणजे काय ते सांगते. काम रोज चालू असतं तेव्हा प्रकल्पाचा सगळा नकाशा डोक्यात असतो. कुठलं फंक्शन कुणाला हाक मारतं, डेटाबेसमध्ये तो जादा रकाना का घातला, काल काय अर्धवट सोडलं, हे आठवावं लागत नाही. मग घरी पाहुणे येतात, किंवा ताप येतो, किंवा ऑफिसात एखादा रिलीज अंगावर येतो. चार दिवसांचा खंड पडतो. पाचव्या दिवशी बसलात की पहिला पाऊण तास आपणच लिहिलेला कोड समजून घेण्यात जातो. त्या पाऊण तासात नवीन काही घडत नाही, वर झोपेची वेळ होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लॅपटॉपकडे पाहिलं की मनाला तो पाऊण तास आठवतो आणि हात दुसरीकडे वळतो. आपण त्याला आळस म्हणतो. खरं तर पुन्हा आत शिरणं महाग झालेलं असतं.

टीममध्ये काम करताना हा धागा दुसरं कुणीतरी धरून ठेवतं. सकाळी सहकारी विचारतो, "ते लॉगिनचं कुठपर्यंत आलं?" उत्तर देता देता आपल्यालाच सगळं आठवतं. एकट्याने काम करताना ते विचारणारं कुणी नसतं. म्हणून माझा सगळा भर एकाच गोष्टीवर असतो: पुन्हा बसणं स्वस्त करायचं.

यासाठी मी सगळ्यात जास्त काळ पाळलेली सवय अगदी साधी आहे. काम थांबवायच्या दहा मिनिटं आधी कोड लिहिणं बंद करते आणि प्रकल्पाच्या फोल्डरमधल्या 'पुढे' नावाच्या फाइलमध्ये चार ओळी लिहिते. माझी मामेबहीण गाणं शिकवते. तिच्यासाठी मी विद्यार्थ्यांची हजेरी आणि मागच्या वर्गात काय शिकवलं याची नोंद ठेवणारं ॲप बनवलं. त्या फाइलमधली एक जुनी नोंद जशीच्या तशी देते:

"यादी तारखेप्रमाणे लागते, पण वर्ग नसलेले दिवसही रिकामे दिसतात. कारण सापडलं: यादी बनवताना महिन्याचे सगळे दिवस घेतले जातात. उद्या फक्त वर्ग झालेले दिवस घ्यायचे. रंग, अक्षरं, बटणं यांना हात लावायचा नाही."

यात कारण लिहिलंय, नुसतं काम लिहिलेलं नाही. "यादी दुरुस्त करणे" एवढंच लिहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी ते कारण पुन्हा शोधावं लागलं असतं, आणि शोधण्याच्या त्या कंटाळ्यानेच मी बसले नसते. शेवटची ओळही मुद्दाम आहे. दमलेलं मन आधी सोप्या, दिसायला छान अशा कामाकडे पळतं, म्हणून त्या वाटा आदल्या रात्रीच बंद करून ठेवायच्या.

याच्याच जोडीला एक टेस्ट, म्हणजे कोड बरोबर चालतो का ते तपासणारा छोटा कोड, मुद्दाम नापास अवस्थेत सोडायची. म्हणजे उद्या जे करायचंय त्याची टेस्ट आज लिहायची, ती चालवून लाल, म्हणजे नापास, दिसतेय याची खात्री करायची आणि लॅपटॉप बंद करायचा. दुसऱ्या दिवशी कमांड दिली की लाल ओळ स्वतःच सांगते कुठून सुरू करायचं. बऱ्याच जणांना काम पूर्ण करून, सगळं हिरवं, म्हणजे पास, करूनच उठायला आवडतं. मलाही आवडायचं. पण सगळं हिरवं असेल तर दुसऱ्या दिवशी "आता काय करू?" हा निर्णय घ्यावा लागतो, आणि दिवसभराच्या नोकरीनंतर निर्णय घेणं हे कोड लिहिण्यापेक्षा जड जातं. (टीमच्या मुख्य ब्रँचवर, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक कोडवर, हे करू नका. एकट्याच्या प्रकल्पात कुणाचं अडत नाही.)

ॲप एका कमांडवर सुरू झालं पाहिजे, हेही यातच आलं. डेटाबेस वेगळा चालू करा, मग सर्व्हर, मग अमुक फाइलमध्ये पत्ता बदला, असं असेल तर खंड पडल्यावर त्यातली एक पायरी नक्की विसरते. अर्धा दिवस घालवून हे एकदा नीट लावून टाका.

नोंदी ठेवण्याचं सर्वात मोठं उदाहरण मला संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड कनूथ यांचं वाटतं. १९७७ मध्ये आपल्याच पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची छपाई त्यांना पसंत पडली नाही, म्हणून त्यांनी अक्षरजुळणीची स्वतःची प्रणाली, टेक, बनवायला घेतली. १९७८ च्या रजेत ते काम उरकेल असा त्यांचा अंदाज होता. ती भाषा पक्की व्हायला १९८९ उजाडलं. एवढ्या काळात त्यांनी सापडलेल्या चुकांची आणि केलेल्या बदलांची नोंदवही ठेवली आणि पुढे त्या चुकांवरच सविस्तर लेख लिहिला. कनूथसारख्या माणसाचा अंदाज दहा वर्षांनी चुकतो, तर तीन आठवड्यांत निम्मं झालेलं ॲप उरलेल्या तीन आठवड्यांत का झालं नाही म्हणून तुम्ही स्वतःला दोष देऊ नका.

आणि "निम्मं झालं" हेही जरा तपासून पाहा. बेल लॅब्ज या अमेरिकी संशोधन संस्थेतल्या टॉम कारगिल यांचं एक निरीक्षण १९८० च्या दशकात प्रसिद्ध झालं आणि अजून सांगितलं जातं: कोडचा पहिला ९० टक्के भाग वेळेचा पहिला ९० टक्के हिस्सा खातो, आणि उरलेला १० टक्के भाग आणखी ९० टक्के खातो. बेरीज १८० होते, आणि माझ्या अनुभवात ती तशीच होत आली आहे. पहिल्या आठवड्यांत रोज नवं पान दिसतं. नंतरचं काम दिसत नाही: चुकीची माहिती भरली तर काय, नेट गेलं तर काय, पुस्तकाच्या नावात ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तरी शोध लागेल का. तुम्ही शोधाच्या पानापाशी अडलात यात मला नवल वाटत नाही. दिसणारं काम संपून न दिसणारं काम सुरू होतं ती हीच जागा आहे. इथे वेग कमी होतो कारण काम अवघड आहे, आणि हे आधीच माहीत असलं की माणूस घाबरत नाही.

नेमक्या याच टप्प्यावर सगळं नव्याने लिहायची इच्छाही होते. नवं फ्रेमवर्क, नवी रचना, कोरी फाइल. मी दोनदा तसं केलं आणि दोन्ही वेळा त्याच अवघड जागी येऊन पुन्हा अडले, फक्त चार महिने उशिरा. मोठ्यांचंही हेच झालेलं आहे. नेटस्केप ब्राउझरची चौथी आवृत्ती १९९७ ची. मधे जुना कोड बाजूला ठेवून नव्याने लिहायचं ठरलं, पाचवी आवृत्ती आलीच नाही आणि सहावी यायला २००० सालचा शेवट उजाडला. कोरी फाइल हवीहवीशी वाटते कारण तिच्यात सुटलेला धागा नसतो. त्यावरचा इलाज धागा पुन्हा पकडणं हाच.

एआयकडून कोड लिहून घेत असाल तर धागा जास्त लवकर सुटतो, हा माझा अलीकडचा अनुभव. मीही ती मदत घेते आणि वेळ खरंच वाचतो. पण जो भाग मी स्वतः वाचून, एकदा मोडून पाहिलेला नसतो, तो आठवड्याभराने मला परक्याचा वाटतो. म्हणून 'पुढे' फाइलमध्ये त्या भागाबद्दल माझ्या शब्दांत दोन ओळी आल्याशिवाय मी तो कमिट करत नाही, म्हणजे प्रकल्पात पक्का नोंदवत नाही.

आता माणसांबद्दल. मामेबहिणीला मी ते ॲप दाखवलं तेव्हा त्यात फक्त नाव लिहायचं आणि हजर-गैरहजर टिकमार्क करायचं एवढंच होतं. दाखवायला लाज वाटत होती. तिसऱ्या दिवशी तिचा निरोप आला: "ताई, पाच मार्चचा वर्ग तीन मे च्या पानावर गेलाय." मी दिवस आणि महिना उलट वाचत होते, ०५/०३ ला मे महिना समजत होते. माझ्या सगळ्या चाचण्यांत मी २२, २५, २८ असल्याच तारखा घातल्या होत्या, आणि बाविसावा महिना नसतोच म्हणून त्या बरोबर वाचल्या जायच्या, त्यामुळे चूक कधी दिसलीच नाही. त्या रात्री मला कुणी बस म्हणालं नव्हतं, पण मी बसले, आणि चूक दुरुस्त करून झोपले. कारण सकाळी ती पुन्हा हजेरी घेणार होती.

तो निरोप माझ्यासाठी "कुठपर्यंत आलं?" या प्रश्नासारखाच होता. असं एक माणूस पुरतं. शंभर अनोळखी लोकांच्या 'छान आहे' पेक्षा ते एक माणूस जास्त कामाचं, कारण ते वापरतं आणि अडलं की सांगतं. लिनस टोरवाल्ड्स यांनी २५ ऑगस्ट १९९१ रोजी एका न्यूजग्रुपवर, म्हणजे ऑनलाइन चर्चागटात, आपल्या ऑपरेटिंग सिस्टिमची, पुढच्या लिनक्सची, बातमी दिली तेव्हा ती कुणाच्या हातात द्यायच्या अवस्थेत नव्हती. हा नुसता छंद आहे असं त्यांनी लिहिलं, आणि मिनिक्स या आधीच्या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये लोकांना काय आवडतं, काय आवडत नाही ते विचारलं. पहिला कोड त्यानंतर सप्टेंबरमध्ये बाहेर आला, सुमारे १० हजार ओळींचा. त्यांनी पूर्ण होण्याची वाट पाहिली नाही, आधी विचारलं. तुमच्या ॲपमध्ये शोध नसला तरी पुस्तकं लिहून ठेवता येतात ना? मग ते आजही कुणाला तरी देण्याजोगं आहे.

रोज न चुकता कमिट करायचा नेम पुष्कळ जण सुचवतील. मी तो काही महिने पाळला. शेवटी शेवटी रात्री पावणेबाराला एखाद्या टिप्पणीतलं स्पेलिंग सुधारून दिवस भरल्याचं समाधान मानायचे. एक दिवस प्रवासात चुकला, आणि त्यानंतर दोन महिने मी त्या प्रकल्पाला हात लावला नाही. गिटहब या कोड ठेवायच्या साइटनेही कमिटचे सलग दिवस मोजणारा आकडा २०१६ मध्ये प्रोफाइलवरून काढून टाकला. ज्यांना नेम मानवतो त्यांनी जरूर पाळावा. माझ्यासारख्या, ज्यांच्या आयुष्यात खंड पडणारच, त्यांनी खंड पडू नये यासाठी झटण्यापेक्षा खंडानंतर परतणं सोपं करावं. आठवड्यातून तीन वेळा, ठरलेल्या वेळी, प्रत्येकी दीड तास, एवढं मला झेपतं.

एक फरक मात्र नीट ओळखा. झोप पुरत नसेल, नोकरीतलं कामही नकोसं झालं असेल, सुट्टीच्या दिवशीही मन लागत नसेल, तर हा धाग्याचा प्रश्न नाही, थकव्याचा आहे. तेव्हा 'पुढे' फाइलचा उपयोग होणार नाही. प्रकल्प महिनाभर बाजूला ठेवून विश्रांती घ्या आणि बरं वाटेना तर डॉक्टरांशी बोला.

ते आधीचे तीन प्रकल्प मनावर ओझं होऊन बसलेत असं तुमच्या लिहिण्यातून जाणवलं. प्रत्येकाच्या रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाची ओळख देणाऱ्या फाइलमध्ये, सर्वात वर एक ओळ लिहा: काम कधी थांबवलं आणि त्यातून काय शिकलो. मग ते संग्रहात टाका. मी असे पाच बंद केले आहेत. त्यातल्या एकातला तारखा वाचणारा कोड मी पुढे दुसऱ्या ॲपमध्ये जसाच्या तसा उचलला.

आणि या चौथ्यासाठी आज रात्री कोड लिहू नका. वीस मिनिटांचा गजर लावा, फोल्डर उघडा, ॲप चालू होतंय का पाहा. शोधाच्या पानात काय चालतं, काय चालत नाही आणि तुम्हाला वाटतं त्याचं कारण काय, हे चार ओळींत लिहा. गजर वाजला की बंद करा, कितीही हात शिवशिवले तरी. उद्या तिथूनच सुरू करा.

त्या चार ओळी इथे प्रतिसादात टाकल्यात तर मी नक्की वाचेन. आणि तुमची हरकत नसेल तर येत्या रविवारी मी इथेच विचारेन, शोधाच्या पानाचं कुठपर्यंत आलं?